नळी, सांधा आणि आच

भारतातल्या कोणत्याही गावात दूधवाल्याची, पोस्टमनची किंवा शाळामास्तरांची काळी सायकल भिंतीला टेकून उभी असते. तिच्या चौकटीकडे जरा निरखून पाहिले, तर एक गोष्ट दिसते. जेथे दोन नळ्या एकमेकींना मिळतात, तेथे त्या नुसत्या चिकटलेल्या नसतात. त्यांच्यावर पोलादाची एक आखूड बाही चढवलेली असते आणि त्या बाहीच्या कडा पानाच्या टोकासारख्या निमुळत्या होत नळीवर उतरलेल्या असतात. या बाहीला कारागिरांच्या भाषेत 'लग' असे म्हणतात. रंगाच्या थराखाली ती झाकून जाते आणि रोज सायकल वापरणाऱ्याचेही तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तथापि, सुमारे शंभर वर्षे जगातील बहुतेक उत्तम सायकली याच बाहीच्या आधाराने उभ्या होत्या. शर्यतीच्या हलक्या सायकलीची चौकट या पद्धतीने हाताने घडविणारे कारागीर इंग्लंड, इटली, जपान आणि अमेरिका या देशांत आजही आहेत. त्यांचे काम कसे चालते, त्यात कोणते ज्ञान साठलेले आहे आणि ते टिकावे असे का वाटते, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम थोडा इतिहास. 1885 साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल तयार केली. सारख्या आकाराची दोन चाके, मागच्या चाकाला साखळीने मिळणारी गती आणि मध्यभागी बसलेला स्वार, ही रचना तिने रूढ केली. 1888 साली डनलॉप यांनी हवेच्या धावेचे पेटंट घेतले आणि सायकलीचे हादरे सुसह्य झाले. त्याच 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. पुढे ज्या घराण्याने नांगर, चरक आणि पंप यांचे कारखाने काढले, त्याच्या उद्योगाचा प्रारंभ सायकलीपासून झाला, ही गोष्ट मराठी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच सायकलीच्या चौकटीचा आकार जवळजवळ कायम झाला. पुढे एक चौकोन आणि मागे एक त्रिकोण मिळून होणारी ती आकृती फारशी बदललेली नाही. आकार ठरल्यावर कारागिरांपुढे दोन प्रश्न उरले. नळी किती पातळ करता येईल, आणि पातळ नळ्या जोडायच्या कशा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बर्मिंगहॅममध्ये सापडले. तेथे रेनॉल्ड्स घराण्याचा खिळे बनविण्याचा जुना कारखाना होता. या घराण्यातील आल्फ्रेड मिलवर्ड रेनॉल्ड्स यांना एक साधी वाटणारी अडचण सतावीत होती. नळी पातळ केली तर ती सांध्यापाशी तुटते आणि जाड ठेवली तर सायकल जड होते. 1897 साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर पेटंट घेतले, ते अशा नळीचे, की जिची बाहेरची जाडी सर्वत्र सारखीच राहते, परंतु आतून दोन्ही टोकांना भिंत जाड आणि मध्यभागी पातळ असते. सांध्याजवळ ताण अधिक आणि उष्णतेचा त्रासही अधिक. म्हणून तेथे धातू जास्त ठेवायचा आणि मध्ये तो वाचवायचा. 1935 साली याच कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची '531' या क्रमांकाची नळी बाजारात आणली. पुढची चार दशके शर्यतीच्या सायकलींत या तीन आकड्यांना जो मान मिळाला, तो क्वचितच दुसऱ्या कोणत्या धातूला मिळाला असेल. 1961 साली निघालेल्या जॅग्वार 'ई टाइप' या मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही तीच नळी होती. इटलीत मिलान येथे आंजेलो लुईजी कोलंबो यांनी 1919 साली काढलेल्या कारखान्यातून 'कोलंबस' नळ्या आल्या आणि दक्षिण युरोपातील कारागिरांनी त्या आपल्याशा केल्या.

या नळ्यांची मापे ऐकली तर आश्चर्य वाटते. वरच्या आडव्या नळीचा व्यास एक इंच, खालच्या तिरक्या नळीचा सव्वाअठ्ठावीस-साडेअठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहूनही कमी. भिंतीची जाडी टोकाला नऊ दशांश मिलिमीटरच्या आतबाहेर आणि मध्ये सहा दशांश. पोस्टकार्डाच्या दोन-तीन पत्रांइतक्या जाडीच्या या भिंतीवर सत्तर-ऐंशी किलोचा माणूस घाटाच्या उतारावरून वेगाने खाली येतो. येथे एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. मिश्रधातूचे पोलाद साध्या पोलादापेक्षा अधिक ताठ असते, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ताठपणा सर्व पोलादांत जवळजवळ सारखाच असतो. मिश्रधातूत वाढते ती ताकद, म्हणजे कायमचे वाकण्यापूर्वी सोसता येणारा भार. ताकद वाढली म्हणून भिंत पातळ करता येते, आणि भिंत पातळ झाली म्हणून सायकल हलकी होते.

आता दुसरा प्रश्न, सांध्याचा. पोलाद वितळते ते सुमारे पंधराशे अंश सेल्सियसला. इतक्या आचेत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची भिंत टिकवून धरणे जुन्या ज्योतींना साधण्यासारखे नव्हते. तेव्हा कारागिरांनी पोलाद न वितळविता जोडण्याचा मार्ग धरला. हा मार्ग आपल्याकडील सोनाराला आणि तांबटाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दोन भाग जवळ आणावयाचे, टाकणखार लावून त्यांचे पृष्ठभाग निर्मळ ठेवावयाचे आणि कमी आचेवर वितळणारा डाख त्या फटीत शिरू द्यावयाचा. सायकलीच्या चौकटीसाठी डाख दोन प्रकारचे. पितळेचा डाख सुमारे नऊशे अंशांवर वाहतो, तर चांदीमिश्रित डाख साडेसहाशेच्या आसपास. दोन्ही आचा पोलादाच्या द्रवणबिंदूच्या पुष्कळ खाली आहेत. म्हणून नळी आपले रूप सोडत नाही.

नळीच्या टोकाला टोक लावून असा डाख दिला, तर त्याला धरायला जागा फार थोडी मिळते. लगचे प्रयोजन येथे कळते. नळी तिच्या बाहीत दोन-तीन सेंटीमीटर आत शिरते आणि बाही व नळी यांच्यामध्ये सर्व बाजूंनी एक दशांश मिलिमीटरच्या जवळपास फट राहते. वितळलेला डाख या फटीत ओढला जातो. दिव्याच्या वातीत तेल जसे चढते, तसा तो चढतो आणि वेळप्रसंगी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्धही जातो. फट रुंद असेल तर डाखाला चढता येत नाही आणि फटच नसेल तर त्याला शिरायला वाट राहत नाही. त्यामुळे ज्योत पेटविण्यापूर्वीचे कानसकाम हेच या कलेचे अर्धे अंग मानले जाते.

कामाचा प्रारंभ स्वाराच्या मापांपासून होतो. पायांची लांबी, धडाची लांबी, हातांची लांबी, खांद्यांची रुंदी इत्यादी मापे घेऊन कारागीर चौकटीचे पूर्णाकृती चित्र काढतो. शर्यतीच्या जुन्या सायकलीत बैठकीची नळी आणि पुढची नळी जमिनीशी सुमारे त्र्याहत्तर अंशांचा कोन करतात. अंश-दोन अंशांच्या फरकाने सायकलीचा स्वभाव बदलतो. पुढची नळी अधिक उभी झाली की सायकल चपळ होते, आणि अधिक कलती झाली की ती शांत, सरळ चालणारी होते. चिमट्याला पुढे किती वाक द्यावयाचा, हेही त्याच हिशेबात बसते. चित्रात जे चुकेल, ते पुढे कानशीने किंवा ज्योतीने सुधारत नाही.

मग नळ्या कापावयाच्या. जेथे एक गोल नळी दुसऱ्या गोल नळीला टेकते, तेथे तिचे टोक माशाच्या उघड्या तोंडासारखे कापावे लागते. करवतीने ओबडधोबड कापून झाल्यावर अर्धगोल कानशीने ते टोक घासत घासत आणतात. दोन्ही नळ्या एकत्र धरून पलीकडे दिवा ठेवतात. सांध्यातून उजेडाची रेघ दिसली, तर कानस पुन्हा हाती घ्यावयाची. बाहेरून लग चढणार असल्याने हा काप कोणाला दिसणार नाही. तरीही चांगला कारागीर तो सैल ठेवीत नाही, कारण भार नळीवरून नळीवर जावयाचा असेल, तर नळ्यांनी एकमेकींना भिडलेच पाहिजे. शिवाय टोकांची जाड भिंत नेमकी कोठे संपते, हे नळीवर खूण करून पाहावे लागते. चुकीच्या टोकाने नळी कापली गेली, तर सांध्यापाशी पातळ भिंत येते आणि ही चूक रंगाखाली वर्षानुवर्षे दडून राहू शकते.

लग मुळात दोन प्रकारच्या. पत्रा दाबून आणि जोडून केलेल्या लग जुन्या. फ्रान्समधील 'नेर्व्हेक्स' या नावाच्या लग आपल्या नागमोडी कडांसाठी प्रसिद्ध होत्या. नंतरच्या काळात मेणाच्या साच्याने ओतलेल्या अचूक लग आल्या. मेणाची प्रतिमा करून तिच्याभोवती साचा बांधावयाचा, मेण वितळवून काढावयाचे आणि त्या पोकळीत धातू ओतावयाचा, ही युक्ती भारताला नवी नाही. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त मूर्ती ओतण्याची हीच रीत वर्णिलेली आहे. लग कोणत्याही प्रकारची असो, तिच्या कडा कानशीने पातळ केल्या जातात. याला शोभेखेरीज दुसरेही कारण आहे. जाड बाही एकदम संपली, तर नळीतील ताण त्या रेषेवर एकवटतो. कड निमुळती होत गेली, तर तो ताण हळूहळू विरतो. लंडनच्या टॉटनहॅम भागातील 'हेचिन्स' या नावाच्या सायकलींनी या कडांना वेलबुट्टीसारखी वळणे दिली. एखाद्या देवळाच्या कोरीव चौकटीची आठवण करून देतील अशा त्या लग आज संग्राहकांच्या घरी जपल्या जातात.

यानंतर येते झाळकाम, आणि येथे कारागिराची खरी परीक्षा होते. नळीचे टोक आणि लगचा आतला भाग घासून, तेलाचा अंशही न ठेवता स्वच्छ करतात व क्षाराचा लेप लावतात. पितळेसाठी टाकणखाराच्या जातीचा क्षार, चांदीसाठी कमी आचेवर वितळणारा वेगळा. चौकट साच्यात बसवून किंवा सांध्यांत बारीक खिळे मारून स्थिर केली जाते. कित्येक जुन्या इंग्रज कारागिरांनी साच्याशिवाय, केवळ खिळे मारून आणि उघड्या भट्टीवर आपले सारे काम केले. मग ज्योत. पायडलचा आस ज्यात फिरतो तो आडवा नळा जाड असतो, तर त्याला मिळणाऱ्या नळ्या पातळ असतात. दोघांना सारखी आच दिली, तर नळा तापण्यापूर्वी नळी जळते. म्हणून ज्योत आधी जाड भागावर फिरवावी लागते आणि पातळ भागाला तिचा केवळ शेव लागू द्यावा लागतो. क्षार प्रथम पांढरा होऊन फुगतो, मग काचेसारखा पातळ आणि पारदर्शक होतो. तो झाला की आच जवळ आली असे समजावयाचे. पोलादाच्या अंगावर मंद लाली येते. त्या क्षणी डाखाची कांडी कडेला टेकवली, की ती विरघळून आत जाते.

डाख नेहमी उष्णतेच्या मागे धावतो. कारागीर एका कडेला डाख देतो आणि ज्योत दुसऱ्या कडेकडे नेतो. काही क्षणांनी दुसऱ्या कडेवर चमकती, केसाएवढी रेघ उमटते. आतला सांधा डोळ्यांना दिसणे शक्य नाही. तो पूर्ण भरला आहे याचा पुरावा म्हणून ही रेघच कारागिराच्या हाती असते. ती लगच्या सबंध कडेने अखंड उमटली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती तुटली, तर आत पोकळी राहिली असे धरून पुन्हा काम करावे लागते. आच कमी पडली तर डाख वर गोळा होऊन बसतो. आच जास्त झाली तर क्षार जळून काळा पडतो, पितळेतील जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि पोलादाचे कण मोठे होऊन नळी दुबळी होते. चांदीच्या पूर्वीच्या डाखात कॅडमियम असे आणि त्याचा धूर फुफ्फुसांना अत्यंत घातक असतो. आता कॅडमियमविरहित डाख वापरण्याची रीत पडली आहे. सांधा भरल्यावर तो आपोआप निवू द्यावयाचा. घाईने पाणी घातले तर पोलाद कडक आणि ठिसूळ होण्याची भीती असते. मागच्या बारीक नळ्या दोन्ही टोकांना बंद होत असतील, तर त्यांना आधीच एक छोटे छिद्र ठेवावे लागते. नाहीतर आतली तापलेली हवा सांध्यातून बाहेर पडते आणि डाखाला ढकलून लावते.

प्रत्येक सांधा निवताना थोडा आकसतो आणि चौकट किंचित ओढली जाते. म्हणून सांधे कोणत्या क्रमाने झाळावयाचे, याचेही शास्त्र आहे. बहुधा बैठकीची नळी आणि पायडलचा नळा यांचा सांधा प्रथम करून तो सपाट पोलादी पाटावर तपासतात. मग पुढचा भाग आणि शेवटी मागच्या नळ्या. साऱ्या सायकलीचा समतोल ज्या एका कसोटीवर पाहिला जातो, तिला फक्त दोरा लागतो. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा निघतो, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत येतो. मध्ये बैठकीची नळी आणि दोन्ही बाजूंचा दोरा यांतील अंतर मोजावयाचे. दोन्ही अंतरे सारखी आली, तर चाके एका रेषेत धावतील. नाही आली, तर थंड पोलादाला मापून जोर देऊन ते सरळ करावे लागते. पोलाद हे सोसते. हा गुण ॲल्युमिनियममध्ये फार थोडा आणि कार्बनच्या धाग्यांत मुळीच नाही.

शेवटी क्षार गरम पाण्यात भिजवून काढतात, कडा कानशीने आणि एमरीच्या कागदाने साफ करतात आणि आटे कापतात. इंग्रजी पद्धतीत पायडलच्या नळ्याच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे पायडल मारताना कप सैल होत नाही. इटलीच्या पद्धतीत दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतात. सायकल दुरुस्त करणाऱ्या कित्येकांनी हा भेद हात दुखावल्यावरच शिकलेला असतो. मग भट्टीत भाजलेला रंग आणि लगच्या कडेने बारीक कुंचल्याने ओढलेली सोनेरी किंवा पांढरी रेघ. रंगाच्या त्या रेघेखाली डाखाची रेघ कायमची झाकली जाते.

अशा चौकटींवर थोर पराक्रम झाले. मिलानच्या विगोरेल्ली धावपट्टीच्या खाली फालिएरो मासी यांची कार्यशाळा होती आणि युरोपातील नामवंत स्वार तेथे येत असत. बेल्जियमच्या एडी मर्क्स यांनी 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको शहरात एका तासात 49.431 किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. त्यांची सायकल एर्नेस्तो कोल्नागो यांनी पोलादाच्या नळ्यांचीच बांधली होती आणि सबंध सायकलीचे वजन पावणेसहा किलोच्या आसपास होते.

पुढे काळ बदलला. 1980 नंतर विजेच्या ज्योतीने पातळ नळ्या लगशिवाय थेट जोडण्याची पद्धत सायकलींच्या कारखान्यांत पसरली. ती जलद होती, स्वस्त होती आणि चौकटीच्या प्रत्येक कोनासाठी वेगळी लग बाळगण्याची गरज तिने संपविली. पाठोपाठ ॲल्युमिनियम आले, मग कार्बनचे धागे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मोठ्या शर्यतींतून पोलाद जवळजवळ नाहीसे झाले. ही प्रगती खोटी म्हणता येणार नाही. कार्बनची चौकट पोलादापेक्षा पुष्कळ हलकी असते, आणि नीट केलेला विजेचा सांधा लगच्या सांध्याइतकाच भरवशाचा असतो. जुने ते सारे सोने, असे समजण्याचे कारण नाही.

मग या कलेचे आज मोल काय? जपानमध्ये 1948 साली सुरू झालेल्या 'केइरिन' शर्यतींत पुरुष स्वारांना आजही नियमानुसार पोलादी चौकटच वापरावी लागते, आणि त्या नियमावर छोट्या कार्यशाळांची चूल पेटते. इटलीच्या तोस्काना प्रांतात 1997 पासून 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते. खडीच्या पांढऱ्या रस्त्यांवरून निघणाऱ्या या फेरीत 1987 पूर्वीच्या धर्तीच्या सायकली चालतात. परंतु नियम आणि हौस यांपलीकडेही एक कारण आहे. पोलादाची झाळलेली चौकट दुरुस्त होते. अपघातात एक नळी चेपली, तर सांधा तापवून ती काढता येते आणि तिच्या जागी नवी बसविता येते. चाळीस वर्षांपूर्वीची चौकट नव्या स्वारासाठी पुन्हा उभी राहते. वस्तू मोडली की टाकून द्यावी, या सवयीच्या जगात हा गुण लहान नाही.

दुसरे कारण विश्वासाचे आहे. स्वार ज्या सांध्यावर जीव टाकतो, तो सांधा त्याला कधीच पाहता येत नाही. आत डाख भरला आहे की वरवर रेघ उमटवून पोकळी झाकली आहे, हे रंग लागल्यावर फक्त कारागिराला ठाऊक असते. पोकळी राहिली तर ती लगेच बोलत नाही. पाच-दहा वर्षांनी, एखाद्या उतारावर, एखाद्या खड्ड्यात ती बोलते. कारखान्यात ही जबाबदारी तपासनीस, यंत्रे आणि चाचण्या यांत वाटली जाते. छोट्या कार्यशाळेत ती एकाच माणसावर असते, आणि त्याला दुसरे कोणी पाहत नाही. अशा ठिकाणी चांगले काम होते, ते कारागिराच्या स्वतःशी असलेल्या करारामुळे. म्हणूनच या विद्येचे पुस्तक वाचून कारागीर तयार होत नाही. पोलादाची लाली, क्षाराची झळाळी आणि डाखाची धाव ओळखणारी नजर दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून, नळ्या जाळून आणि पुन्हा कापून मिळवावी लागते. एक पिढी खंडित झाली, तर ती नजर पुन्हा जमवायला फार काळ लागतो.

भारताचे या परंपरेशी नाते दूरचे नाही. रेनॉल्ड्सची कंपनी 1928 साली बर्मिंगहॅमच्या 'ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स' या उद्योगसमूहात गेली, आणि त्याच समूहाच्या सहकार्याने 1949 साली मद्रासमध्ये 'टी. आय. सायकल्स'ची स्थापना झाली. भारतीय रस्त्यांवरची काळी सायकल त्या इंग्रजी घराण्याचीच नात आहे. तिच्या नळ्या जाड, तिचे पोलाद साधे आणि तिच्या लगच्या कडा ओबडधोबड. शर्यतीच्या सायकलीचा तोरा तिला नाही. पण सांध्याची युक्ती तीच. पोत्यांची थप्पी, गॅसची टाकी किंवा अख्खे कुटुंब पाठीवर घेऊन ती ज्या बळावर चालते, ते बळ वाती चढावी तसे फटीत चढलेल्या मूठभर पितळेचे आहे. येथील तालुक्याच्या गावातला मिस्त्री अशी चौकट तुटली तर ती जोडूनही देतो. युरोपातील नामवंत कार्यशाळांत जो विचार कोरीव कडांनी सजलेला आहे, तोच येथे उघड्या रस्त्यावर, झाडाखाली, राबत आहे. त्या मिस्त्रीच्या हातातील ज्योतीला चांगली कानस, योग्य डाख आणि शिकविणारा कोणी जाणता मिळाला, तर पातळ नळ्यांची देखणी चौकट भारतातही घडू शकेल.